मालक गेला, आता टीम कुणाची?

जानेवारीतली गोष्ट आहे. नववीच्या वर्गात इतिहासाचा तास संपत आला होता. मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा उभा राहिला. हा पोरगा गणवेशाच्या शर्टाखाली नेहमी मुंबई सिटीची निळी जर्सी घालून येतो, थंडी असो की ऊन. म्हणाला, "सर, मालिक चले गए, तो अब टीम किसकी?"

वर्ग हसला. मीही हसलो. इतिहासाच्या तासाला हा कसला सवाल! पण घरी येताना तोच सवाल डोक्यात घोळत राहिला. कंपनी विकली गेली तर ती नव्या मालकाची होते. घर विकलं तर घेणाऱ्याचं होतं. मग क्लब विकला गेला, सोडून दिला गेला, उचलून दुसऱ्या शहरात नेला गेला, तर ज्याने त्यासाठी गळा फोडून घोषणा दिल्या त्याच्या हातात काय उरतं? खरं सांगायचं तर त्या पोराला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज ते शोधायचा प्रयत्न करतो.

अबूधाबीहून आले, अबूधाबीला गेले

आधी तो मुलगा कशाबद्दल विचारत होता ते बघू. मुंबई सिटी एफसी हा क्लब २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसोबतच सुरू झाला. अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे त्याचे मूळ मालक. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर सिटी चालवणारा, न्यूयॉर्कपासून मेलबर्नपर्यंत क्लब असलेला हा समूह. त्याचा सर्वांत मोठा हिस्सा अबूधाबीच्या शेख मन्सूर यांच्या कंपनीकडे आहे.

तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता, आठवतं का? आमच्या गल्लीतली पोरं अभिमानाने सांगत होती की आता मुंबईची टीम "अपनेवालों" की झाली. आखातात नोकरीला असलेले चाचे-मामू फोनवर मुबारकबाद देत होते. आणि सुरुवातीला दिसलंही तसंच. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीतल्या अव्वल क्रमांकाची शिल्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक, दोन्ही जिंकले. २०२२-२३ मध्ये पुन्हा शिल्ड. मे २०२४ मध्ये कोलकात्यात जाऊन, भरलेल्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला ३-१ ने हरवून पुन्हा करंडक. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदीचा अल हिलाल नवी मुंबईत येऊन खेळून गेला. हे सगळं नाकारण्यात अर्थ नाही. पैसा आला, पद्धत आली, यश आलं.

आणि मग डिसेंबर २०२५ मध्ये एक निवेदन आलं. समूहाने व्यवसायाचा आढावा घेतला, भारतातल्या लीगचं भवितव्य अनिश्चित आहे असं सांगितलं आणि हिस्सा मूळ मालकांना परत देऊन ते बाहेर पडले. सहा वर्षांचं नातं एका पत्रकात संपलं.

त्यांच्या जागी कुणीही हिशेबी माणूस कदाचित हेच करेल. त्यावर पुढे बोलूच. पण एक गोष्ट नीट समजून घेऊ या. मालक अरब आहे, आपल्या दीनचा आहे, म्हणून तो "आपला" होत नाही. जगभर पसरलेल्या समूहासाठी मुंबई ही अनेक शाखांपैकी एक शाखा. शाखा परवडेना तर शटर खाली. २०२१ मध्ये सौदीच्या निधीने न्यूकॅसल युनायटेड घेतला तेव्हा तिथले इंग्रज चाहते डोक्याला अरबी रुमाल बांधून रस्त्यावर नाचले. आधीच्या मालकाला ते चौदा वर्षं वैतागलेले होते. म्हणजे नव्या मालकाकडून आस लावण्याची ही सवय फक्त आपलीच नाही, ती सगळीकडे आहे. आस लावायला हरकत नाही, पण आस म्हणजे हक्क नव्हे.

नारिंगी जर्सीचं काय झालं

मुंबईवाल्यांचा क्लब निदान जागेवर तरी आहे. पुण्याच्या चाहत्यांना विचारा.

माझा एक जुना विद्यार्थी. दहावी झाल्यावर पुण्याला गेला, कोंढव्यात मामूंकडे राहिला, एसी दुरुस्तीचं काम शिकला. पहिल्या पगारातून त्याने घरी अम्मीला साडी पाठवली आणि स्वतःसाठी एफसी पुणे सिटीची नारिंगी जर्सी घेतली. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून बालेवाडीला जायचा. तिथे "ऑरेंज आर्मी" नावाचा चाहत्यांचा गट होता. ढोल, झेंडे, मराठीतल्या घोषणा. तो मला सांगायचा, "सर, पुण्यात मी कुणाला ओळखत नव्हतो. रूमवर झोपायला जायचो, कामावर जायचो. बालेवाडीत पहिल्यांदा वाटलं की आपण पुण्याचे झालो." मार्च २०१८ मध्ये पुणे सिटी पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचली. बंगळुरूविरुद्ध बालेवाडीतला सामना ०-० सुटला, मग बंगळुरूत ३-१ ने हार. त्या रात्री त्याचा मला फोन आला होता. रडत नव्हता, पण आवाज तसाच होता.

त्यानंतर दीड वर्षही क्लब टिकला नाही. क्लबचा मालक वाधवान समूह, सोबत आधी हृतिक रोशन आणि नंतर अर्जुन कपूर हे सिनेमातले चेहरे. २०१९ मध्ये वाधवान कुटुंबाची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी देणी चुकवू शकली नाही, आणि वर्ष संपता संपता रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुणे सिटीचा खेळ आटोपला. लीगमधली तिची जागा हैदराबादच्या नव्या मालकांनी घेतली, हैदराबाद एफसी या नावाने. बरेच खेळाडू आणि प्रशिक्षकही तिकडेच गेले. गंमत बघा, त्याच ऑगस्टमध्ये दिल्ली डायनामोज हा क्लबही दिल्ली सोडून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला.

पुढचं ऐका. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये लीगचा करंडक जिंकला. "डेक्कन लीजन" नावाचे तिथले चाहते आनंदाने वेडे झाले. पण वर्ष-दीड वर्षातच खेळाडूंचे पगार थकायला लागले, परदेशी खेळाडू निघून गेले, आणि २०२३-२४ च्या अख्ख्या हंगामात संघाला फक्त एक सामना जिंकता आला. मग २०२४ मध्ये बी. सी. जिंदल समूह नवा मालक म्हणून आला. चाहत्यांना वाटलं, आता दिवस पालटतील. २०२५ मध्ये याच नव्या मालकांनी क्लब उचलून दिल्लीला नेला. नाव ठेवलं स्पोर्टिंग क्लब दिल्ली.

पुणे, हैदराबाद, दिल्ली. लीगमधली एकच जागा सहा वर्षांत तीन शहरांत फिरली. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी जर्सी घेतली, कुणीतरी ढोल वाजवला, कुणीतरी पोराला खांद्यावर बसवून मॅच दाखवली. प्रत्येक ठिकाणी त्यांना न विचारता सामान बांधलं गेलं. आणि ज्या दिल्लीकरांकडून २०१९ मध्ये एक क्लब काढून घेतला, त्यांनाच २०२५ मध्ये दुसऱ्यांचा आणून दिला. बदलीवर आलेल्या मास्तरासारखा क्लब! पण मास्तराच्या बदलीला निदान आदेशाचा कागद तरी असतो.

पुण्याला हे पहिल्यांदा झालं असंही नाही. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ ते २०१५ चालला आणि थांबला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामापुरता आला. मुंबईत महिंद्रा युनायटेडसारखा देशातला मोठा संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. महाराष्ट्रातल्या फुटबॉल चाहत्याने दर काही वर्षांनी नवी जर्सी घ्यायची आणि जुनी कपाटात ठेवायची, असा जणू रिवाजच पडला आहे.

कोलकात्यात जमलं ते पुण्यात का नाही?

आता एक प्रश्न सहज पडतो. चाहत्यांनी आवाज उठवला असता तर? याचं उत्तर कोलकात्याकडे आहे, कारण तिथे दोन्ही प्रकार घडले.

२०२० मध्ये संजीव गोएंका यांच्या समूहाने १८८९ सालच्या मोहन बागानच्या फुटबॉल विभागात मोठा हिस्सा घेतला आणि आपल्या आधीच्या क्लबचं नाव त्याला जोडलं. एटीके मोहन बागान. चाहते भडकले. "एटीके हटवा" ही मोहीम तीन वर्षं चालली. संघ जिंकत होता तरी चालली, हे महत्त्वाचं. शेवटी मार्च २०२३ मध्ये गोव्यात करंडक जिंकल्यावर त्याच रात्री गोएंकांनी जाहीर केलं की एटीके हे नाव काढून टाकू. तो दिवस तिथल्या चाहत्यांनी करंडकापेक्षा जास्त साजरा केला असेल.

हे का जमलं? कारण मोहन बागान मुळात सभासदांचा क्लब आहे. तिथे सभासद असतात, निवडणूक होते, सर्वसाधारण सभा होते, पिढ्यान्‌पिढ्यांची कार्डं असतात. मालकाला माहीत होतं की त्याने हिस्सा घेतला असला तरी क्लबचा जीव दुसरीकडे आहे. पुणे सिटीचं काय? तिथे सभासद नव्हते, फक्त तिकीट घेणारे होते. ऑरेंज आर्मीचं प्रेम खरं होतं, पण कागदावर त्यांची नोंद एक गिऱ्हाईक एवढीच. दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाईक कुणाकडे दाद मागणार?

पण सभासदांचा क्लब म्हणजे सगळं आलबेल, असंही समजू नका. ईस्ट बंगालमध्ये गुंतवणूकदार आणि क्लबचे पदाधिकारी करारावरून भांडत बसले. जुलै २०२१ मध्ये वैतागलेले चाहते क्लबसमोर जमले आणि त्यांना पोलिसांच्या लाठ्या खाव्या लागल्या. काही जण गुंतवणूकदाराच्या विरोधात होते, काही पदाधिकाऱ्यांच्या. लाठी मात्र दोघांनाही सारखीच लागली.

आणि मोहम्मडन स्पोर्टिंग. आपल्या घरातल्या बुजुर्गांना विचारा, हे नाव ऐकून डोळे चमकतात. १८९१ साली स्थापन झालेला काळ्या-पांढऱ्या जर्सीचा क्लब. १९३४ मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. मग १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं तो मान त्यांनी सोडला नाही. १९४० मध्ये दिल्लीत ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवून ड्युरँड कप जिंकला, आणि त्याच वर्षी मुंबईत येऊन रोव्हर्स कपही. माझे दादा कधी कोलकात्याला गेले नाहीत, फुटबॉलही त्यांनी फारसा बघितला नाही. पण मोहम्मडनचं नाव त्यांच्या तोंडी असायचं.

हाच क्लब २०२४ मध्ये आय-लीग जिंकून वर आला. बंकरहिल ही गुंतवणूकदार कंपनी आधीपासून होती, त्याच वर्षी श्राची समूहही आला. मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात पहिल्याच हंगामात पगार थकले. रशियन प्रशिक्षक चेर्निशोव जानेवारी २०२५ मध्ये हंगाम अर्ध्यावर टाकून निघून गेले, आणि संघ तळाला राहिला. चाहत्यांचा राग गुंतवणूकदारांवर आहे आणि स्वतःच्या पदाधिकाऱ्यांवरही. दोन्ही ठिकाणी तो रास्त आहे. इथे नाव आपलं आहे, इतिहास आपला आहे, पदाधिकारीही आपलेच आहेत. तरी हिशेब वेळेवर मांडला जात नसेल, तर "आपलं" असण्याचा खेळाडूच्या घरच्या चुलीला काय उपयोग?

मालकांची बाजू

शिक्षक आहे, म्हणून दुसरी बाजू सांगणं माझं काम आहे. भारतात फुटबॉल क्लब चालवून कुणी श्रीमंत झालेलं नाही. खेळाडूंचे पगार, प्रवास, भाड्याचं मैदान, सगळा खर्च मोठा. तिकिटं स्वस्त आणि टीव्हीचा पैसा क्रिकेटकडे. त्यात लीगचाच पाया हलला. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये रिलायन्सशी संबंधित कंपनीसोबत १५ वर्षांचा करार केला होता. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे सगळ्यांना पंधरा वर्षं आधी माहीत होतं. तरी वेळ आली तेव्हा पुढचा बंदोबस्त नव्हता. जुलै २०२५ मध्ये हंगाम लांबणीवर टाकला. व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. शेवटी जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की लीग १४ फेब्रुवारीपासून होईल.

अशा कारभारात बाहेरचा माणूस पैसा कशाला लावील? म्हणून मी सगळं खापर मालकांच्या डोक्यावर फोडत नाही. नुकसान सोसून क्लब चालवा, असं आपण कुणाला सांगू शकत नाही. पण एवढं सांगू शकतो की जाताना घर पेटवून जाऊ नका. पगार चुकवा, पोरांच्या संघांची सोय लावा, नाव आणि रंग शहराला परत द्या.

सभासद म्हणजे काय, हे बीडला शिकवावं लागत नाही

जगात यावर काही ठिकाणी उपाय निघाले आहेत. जर्मनीत १९९८ पासून "५०+१" असा नियम आहे. क्लबमध्ये कुणीही कितीही पैसा लावो, मतांमध्ये अर्ध्याहून एक मत जास्त सभासदांकडेच राहिलं पाहिजे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कंपन्यांचे जुने क्लब अपवाद आहेत, आणि लाइपझिगने मोजकेच सभासद ठेवून नियमाला बगल दिली असा आरोप होतो. तरी नियम टिकून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मन लीग बाहेरचा गुंतवणूकदार आणायला निघाली, तेव्हा चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. लीगला तो बेत सोडावा लागला. कुणाचं डोकं फुटलं नाही, एक बस जळली नाही.

इंग्लंडमध्ये उलट, सगळं मालकांच्या हाती. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून मँचेस्टर युनायटेड विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. चाहते वीस वर्षं ओरडत आहेत. विम्बल्डनचा क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात नेला गेला. पण तिथल्या चाहत्यांनी त्याच्या आधीच, २००२ मध्ये, स्वतःचा नवा क्लब काढला. अगदी तळातल्या लीगपासून सुरुवात केली आणि आज तो व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. हे सगळं पाहून अखेर २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने कायदा केला, स्वतंत्र नियामक नेमला, आणि क्लबचं चिन्ह, रंग, मैदान यांना हात लावण्याआधी चाहत्यांना विचारणं बंधनकारक केलं.

जर्मनीचा नियम मुलांना समजावताना मला अडचण आली नाही. म्हटलं, "सहकारी साखर कारखाना बघितलाय ना?" एक सभासद, एक मत. बीड जिल्ह्यात सहकार काय असतो हे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. आणि सहकारात काय बिघडतं तेही. सभेला न जाणारा सभासद, हात वर करून मंजूर होणारे ठराव, मग एक दिवस कारखाना आजारी आणि विक्रीला. मल्टीस्टेटच्या बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभे राहिलेले ठेवीदार तर आपण गेल्या दोन-तीन वर्षांत याच जिल्ह्यात पाहिले. त्यातल्या कित्येकांनी कधी विचारलंच नव्हतं की आपला पैसा कुठे आहे.

आपल्या समाजात तर यासाठी एक जुना शब्द आहे. मुतवल्ली. वक्फची जमीन तो सांभाळतो, पण ती त्याची नसते. विकायचा हक्क त्याला नाही, हिशेब द्यायची जिम्मेदारी मात्र आहे. काही मुतवल्लींनी काय केलं तेही आपल्याला माहीत आहे, म्हणून उगाच ताव मारत नाही. पण विचार बरोबर आहे. शहराचं नाव लावणाऱ्या क्लबच्या मालकाने स्वतःला मुतवल्ली समजावं. आणि मुतवल्ली ठीक वागतो की नाही हे जमात जागी आहे की नाही यावर ठरतं.

कोल्हापूर दूर नाही

सभासदांचा क्लब बघायला जर्मनीलाच जायला हवं असं नाही. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखोंनी माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. माझ्या वर्गातला एक मुलगा आई-वडिलांसोबत एक हंगाम कोल्हापूरकडे राहून आला आणि परत आला तो फुटबॉलचं वेड घेऊनच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी अशी संघांची नावं तो घडाघडा म्हणून दाखवायचा. ही पेठेतल्या तालमींची आणि मंडळांची नावं. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ लोटते. अनिकेत जाधव याच मातीतून वर आला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला.

या तालमींना विकत घेणारा मालक नाही. त्या पेठेच्या वर्गणीवर, जुन्या खेळाडूंच्या मेहनतीवर आणि इथल्या-तिथल्या मदतीवर चालतात. पैसा कमी, मैदानावर कधीकधी हुल्लडबाजी, मारामाऱ्या, त्यामुळे सामने बंद पडण्याची वेळही आलेली आहे. सगळं गोड नाही. पण एक गोष्ट नक्की. पाटाकडील तालीम उद्या उचलून कुणी नागपूरला नेऊ शकत नाही. त्या मुलाने मला विचारलं होतं, "सर, आपल्याकडे का नाही?" तोही चांगलाच सवाल होता.

मग मागायचं काय?

नुसता राग करून काही होत नाही. सोशल मीडियावर मालकाला शिव्या दिल्या की मन हलकं होतं, क्लब हलत नाही. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात क्रीडा महासंघांच्या कारभारात खेळाडूंना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद आहे. ती चांगली आहे. पण चाहता त्यात कुठेच नाही. लीग नव्याने बांधायची भाषा सध्या सगळे करत आहेत, तर मागण्याची वेळ हीच आहे.

माझ्या मते चार गोष्टी मागता येतील. पहिली, क्लब दुसऱ्या शहरात न्यायचा असेल, नाव किंवा रंग बदलायचा असेल, तर हंगामाचं तिकीट घेणाऱ्या चाहत्यांचं मत घेतल्याशिवाय परवानगी नको. दुसरी, लीगमध्ये उतरण्याआधी प्रत्येक मालकाने पूर्ण हंगामाच्या पगाराएवढी बँक हमी जमा करावी, म्हणजे मालक पळाला तरी खेळाडूच्या घरी पगार पोचेल. तिसरी, क्लबच्या संचालक मंडळावर चाहत्यांनी निवडलेला एक तरी माणूस असावा, निदान हिशेब ऐकायला. चौथी, क्लब बंद झाला तर त्याच्या वयोगटातल्या पोरांची जबाबदारी महासंघाने घ्यावी. मोठा खेळाडू दुसरा क्लब शोधतो. पंधरा वर्षांचं पोर मात्र बॅग भरून गावी परततं, आणि बहुतेक वेळा खेळ तिथेच संपतो.

आणि आपल्याला स्वतःला काय करता येईल? बीडमध्ये मोठा क्लब येईल, अशी वाट बघत बसू नका. दहा-पंधरा जणांनी मिळून एखादी संस्था रीतसर नोंदवता येते. वर्गणी ठरवा, पावती द्या, वर्षातून एकदा सभा घ्या आणि जमाखर्च भिंतीवर लावा. आईबाप पोरांना विचारतात, "मॅच जिंकला का?" त्यांनी सेक्रेटरीलाही विचारावं, "भाई, हिशेब कुठे आहे?" मुलींचा संघही त्यातच असू द्या, वेगळी मेहरबानी म्हणून नको. संघ छोटा असेल, मैदान खडबडीत असेल. पण तो आपला असेल, आणि कुणाच्या निवेदनाने संपणार नाही.

गेल्या ईदला तो पुण्याचा विद्यार्थी भेटायला आला होता. आता त्याचं लग्न झालंय, कोंढव्यात स्वतःचं छोटं दुकान आहे. सहज विचारलं, नारिंगी जर्सी आहे का अजून? म्हणाला, "आहे सर. बायको म्हणते, पोतेरं करू. मी म्हणतो, राहू दे." नवा कुठला क्लब धरलास का, असं विचारलं तर मान हलवली. "एकदा बस चुकली की माणूस दुसरी धरतो. पण स्टँडच उचलून नेला तर कुठं उभं राहायचं?"

नववीतल्या त्या मुलाला पुढच्या तासाला मी उत्तर दिलं. म्हटलं, "बेटा, कागदावर टीम मालकाचीच. कागदावर तुझं नाव नाही, तोपर्यंत तू फक्त पाहुणा. म्हणून नाव लावायला शीक." त्याने विचारलं, "कुठं लावायचं सर?" शाळेच्या मैदानाकडे बोट दाखवलं. सुट्टीत अकरा पोरांची यादी त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून आणली. सगळ्यात वर लिहिलं होतं, वर्गणी दहा रुपये. खाली हिशेबासाठी रकाना आखलेला होता.